गोळीबाराच्या खेळात गोष्ट कुठे असते?

तालुक्याच्या एसटी स्टँडवर, कापूस विक्रीच्या रांगेत किंवा पानटपरीच्या बाकावर चार पोरे मोबाइल आडवा धरून बसलेली दिसली, तर ती काय खेळत असतील हे विदर्भातल्या कोणत्याही गावात विचारावे लागत नाही. 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' हा खेळ जुलै २०२१ मध्ये आला, पुढच्या वर्षी जुलैमध्येच ॲप स्टोअरवरून उतरवला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. त्यामुळे 'शूटिंगचा गेम' म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हेच येते: विमानातून उडी, बेटावर हाताला लागेल ती बंदूक, आणि शेवटपर्यंत जो टिकेल तो जिंकला. या खेळात कौशल्य आहे, दोस्तांची संगत आहे, आरडाओरडा आहे. गोष्ट मात्र नाही. सामना संपला की पुन्हा तेच विमान आणि तेच बेट.

याच कुळात दुसरा एक प्रकार आहे, ज्याची ओळख आपल्याकडे अजून कमी आहे. तो एकट्याने, बहुधा कॉम्प्युटरवर किंवा कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळाच्या यंत्रावर, खेळायचा असतो, काही तासांच्या बैठकींत तो संपतो, आणि त्याला कादंबरीसारखी सुरुवात, मध्य व शेवट असतो. त्यातही ज्यांची गोष्ट विज्ञानकथेची आहे, म्हणजे ज्यांत परग्रहवासी, बिघडलेले प्रयोग, विचार करणारी यंत्रे किंवा उद्ध्वस्त भविष्यकाळ आहे, अशा खेळांपैकी मोजकेच खेळ पंचवीस वर्षांनीही लोक पुन्हा काढून खेळतात आणि बाकीचे दोन वर्षांत विसरले जातात. हा फरक कशामुळे पडतो, ते या लेखात समजून घ्यायचे आहे. उदाहरणे देताना काही खेळांतली रहस्ये फुटतील, त्याला इलाज नाही.

आधी अडचण नीट लक्षात घेतली पाहिजे. कोणत्याही चांगल्या कथेतली माणसे शेकडो क्रिया करतात: विचारतात, लपवतात, माफी मागतात, खोटे बोलतात, रुसतात, वाट पाहतात. शूटर खेळात मात्र खेळणाऱ्याच्या हातात क्रिया असतात त्या पाच-सहाच, म्हणजे चालणे, पळणे, उडी मारणे, आडोसा घेणे, नेम धरणे आणि गोळी झाडणे. लेखकाला जे काही सांगायचे आहे ते एवढ्याशा फटीतून पलीकडे न्यावे लागते. १९९३ साली आलेल्या 'डूम' या खेळाने हा प्रश्न सोडवण्याऐवजी बाजूला सारला. त्यात दोन भागांच्या मध्ये पडद्यावर मजकुराच्या थोड्या ओळी येत, त्या न वाचताच पुढे जाणारे बहुसंख्य होते, आणि त्यांचे काही बिघडतही नसे. पुढे अनेकांनी सोपी वाट धरली. खेळ थांबवायचा, छोटा चित्रपट दाखवायचा आणि मग पुन्हा बंदूक हातात द्यायची. या चित्रपटांना 'कटसीन' म्हणतात. ते वाईटच असतात असे नाही, पण त्यांच्यात एक मूळ खोट आहे. जे महत्त्वाचे घडते ते नेमके खेळणाऱ्याचे हात मोकळे असताना घडते, आणि तो ज्यात गुंतलेला असतो त्या भागाला गोष्टीत फारशी किंमत उरत नाही.

माझ्या मते या प्रकारातला थोर खेळ तो, ज्यात गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा क्षण खेळणाऱ्याच्या स्वतःच्या हातून घडतो. हे मत ठरवताना मला आपल्या भागातल्या परिस्थितीची मोठी मदत झाली. हे खेळ बोलतात इंग्रजीत, मराठी संवाद किंवा उपशीर्षके त्यांत नसतात, आणि जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला अमेरिकी वळणाचे वेगवान बोलणे, तेही समोरून गोळ्या येत असताना, निम्म्याहून अधिक समजत नाही. म्हणजे न मागता आपल्याला एक कठोर कसोटी मिळाली. संवाद वजा केल्यावर त्या खेळात गोष्टीचे काय शिल्लक राहते, हे आपल्या गावातला मुलगा खेळताना पाहिले की कळते.

एका डब्याची गोष्ट

'हाफ-लाइफ २' हा खेळ व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीने नोव्हेंबर २००४ मध्ये बाजारात आणला. त्याची सुरुवात एका रेल्वे स्टेशनवर होते. पृथ्वी परग्रहावरून आलेल्या सत्तेने जिंकलेली आहे, माणसे 'सिटी १७' नावाच्या शहरात आणून कोंबली जात आहेत, आणि आपण त्या गाडीतून उतरलेला एक प्रवासी आहोत. हातात बंदूक नाही. फलाटावरच्या मोठ्या पडद्यावर एक सुटाबुटातला गृहस्थ स्वागताचे भाषण करतो आहे. जाळीच्या कुंपणापाशी एक बाई उभी आहे आणि ती नवऱ्याच्या गाडीची वाट पाहते आहे. डोक्याभोवती भिरभिरणारे एक यंत्र समोर येऊन आपला फोटो काढते आणि निघून जाते. गळ्यात पट्टा अडकवलेला एक परग्रहवासी जीव खाली मान घालून फरशी झाडतो आहे. पहिल्या भागात हीच जमात आपल्यावर चाल करून येत होती, हे ज्याने तो खेळला आहे त्याला आठवते आणि या जगात कोणाचे काय झाले असावे याचा अंदाज येतो.

त्याच स्टेशनात पुढे एका अरुंद वाटेवर मुखवटा घातलेला एक शिपाई उभा आहे. आपण जवळ गेलो की तो शीतपेयाच्या मशीनवर ठेवलेला रिकामा डबा दांड्याने खाली पाडतो, आणि तो उचलून कचरापेटीत टाकायचा हुकूम सोडतो. डबा टाकेपर्यंत तो वाट सोडत नाही. माझा भाचा बारावीची परीक्षा आटोपून आमच्याकडे आला होता, तेव्हा त्याला मी हा खेळ लावून दिला. शिपायाचे शब्द त्याला कळले की नाही कोण जाणे, पण तो खुर्चीत ताठ बसला आणि म्हणाला, "मामा, हा पोलीस मले कचरा उचलाले लावते! डबा त्याच्याच टकुऱ्यावर फेकून मारू का?" मी काही बोललो नाही. त्याने फेकून मारला. शिपाई दांडा उगारून मागे लागला, याने मार खाल्ला, आणि मग तो हसत हसत म्हणाला, "बरं झालं, मारला ते."

या अर्ध्या मिनिटात किती कामे उरकली आहेत ते पाहण्यासारखे आहे. वस्तू उचलायची कोणत्या बटणाने आणि फेकायची कोणत्या, हे शिकवून झाले, आणि ही कळ पुढे सगळ्या खेळभर लागणार आहे. या राज्यात सत्तेखालच्या माणसाला कसे वागवले जाते हे समजले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पुढे हातात बंदूक आली की ती कोणावर रोखायची हे सांगायला आता कोणाच्या भाषणाची गरज उरली नाही, कारण राग खेळणाऱ्याचा स्वतःचा आहे. डबा निमूट कचरापेटीत टाकला तर शिपाई हसतो आणि वाट देतो. ते हसणेही विसरता येत नाही. दोन्ही वाटांनी गोष्ट पुढे सरकते आणि दोन्ही वाटांवर क्रिया खेळणाऱ्यानेच केलेली असते.

हीच रीत कंपनीने आधीच्या, १९९८ च्या 'हाफ-लाइफ'मध्ये घालून दिली होती. त्यातला नायक गॉर्डन फ्रीमन हा सैनिक नसून सैद्धांतिक पदार्थविज्ञान शिकलेला नोकरदार आहे, न्यू मेक्सिकोच्या वाळवंटाखालच्या 'ब्लॅक मेसा' प्रयोगशाळेत कामाला आहे, आणि संपूर्ण खेळात तो एक शब्दही बोलत नाही. खेळाची पहिली काही मिनिटे तो लटकत्या रेल्वेच्या डब्यातून कामावर जातो आणि आपण फक्त इकडेतिकडे पाहतो. मग एका कक्षात त्याला एक नमुना ठेवलेली गाडी यंत्राच्या झोतात ढकलायला सांगतात. ती गाडी आपणच ढकलतो, आपल्याच बोटाने, आणि त्या क्षणी सगळे फाटते: दुसऱ्या जगाची वाट उघडते आणि तिकडचे जीव इकडे येऊ लागतात. पुढे दहा-बारा तास आपण जे निस्तरतो ते आपणच केलेले आहे. हाच प्रसंग चित्रपट म्हणून दाखवला असता तर तो दुसऱ्या कोणाचा अपघात ठरला असता.

त्यानंतरचा एक प्रसंग तर मूकपटातला वाटावा इतका स्वच्छ आहे. लष्कर सुटकेसाठी येत आहे अशी सगळ्यांची समजूत असते. एक शास्त्रज्ञ हात उंचावत सैनिकाकडे धावत जातो, आणि सैनिक त्याला तिथेच गोळी घालतो. इंग्रजीचा एक शब्द न कळणाऱ्यालाही या क्षणी कळते की आता दोन शत्रू झाले.

प्रेक्षक रंगमंचावर फिरतो तेव्हा

पूर्व विदर्भात धानाची कापणी उरकली की झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो, आणि रात्रभर चालणाऱ्या त्या नाटकांत दिग्दर्शकाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, ती म्हणजे प्रेक्षक समोर बसला आहे आणि रंगमंचाकडेच पाहतो आहे. खेळ रचणाऱ्याला एवढी साधी खात्री नसते. त्याचा प्रेक्षक रंगमंचावर चढलेला असतो, मुख्य पात्र बोलत असताना तो विंगेत जाऊन दोरी ओढून पाहतो, आणि खलनायकाच्या प्रवेशाच्या वेळी कोपऱ्यातल्या खुर्चीवर उड्या मारत असतो. त्याला दटावता येत नाही आणि त्याची मान धरून वळवायची तर मग तो पुन्हा कटसीनच होतो.

यावरचा उपाय म्हणजे त्याला न कळता वळवणे. अंधाऱ्या खोलीत एकाच दारावर दिवा असेल तर माणूस तिकडेच जातो. मागे काही कोसळल्याचा आवाज आला तर तो वळून पाहतो, आणि तो वळेल तेव्हाच समोरच्या खिडकीतून काहीतरी सरकून जाईल असे जुळवता येते. पायऱ्या उतरून आल्यावर माणसाची नजर सहसा कोणत्या उंचीवर असते याचाही विचार केलेला असतो. हे एका प्रतिभावंताला एका बैठकीत सुचणारे काम नाही. 'हाफ-लाइफ' १९९७ च्या अखेरीस विक्रीला जाणार होता, पण कंपनीला तो स्वतःलाच पसंत पडला नाही, आणि जवळजवळ सगळे मोडून पुन्हा बांधण्यात पुढचे वर्ष गेले. त्या काळात त्यांनी एक पद्धत बसवली. बाहेरच्या माणसाला खेळायला बसवायचे, खेळ बनवणाऱ्यांनी मागे वही घेऊन बसायचे, आणि तो कितीही अडला, चुकला, भिंतीवर डोके आपटत राहिला तरी चकार शब्द काढायचा नाही. जिथे बनवणाऱ्यांना त्याला काही सांगावेसे वाटले ती जागा चुकली, असे समजून ती दुरुस्त करायची.

त्याच मंथनातून निघालेला आणखी एक विचार मला फार शहाणपणाचा वाटतो. घटना घड्याळाच्या काट्यावर न ठेवता वाटेच्या अंतरावर ठेवायच्या. जो सावकाश, सगळे न्याहाळत चालतो त्याला उसंत मिळते, आणि ज्याला कंटाळा आला आहे तो चार पावले पुढे गेला की पुढची घटना त्याची वाट पाहत असते. खेळाची लय अशा रीतीने खेळणाऱ्याच्याच पायांत जाते.

गोळीबार चांगला नसेल तर बाकी सगळे व्यर्थ

गोष्टीचे एवढे कौतुक केल्यावर हेही सांगायला हवे की माणूस या खेळात बहुतांश वेळ लढतच असतो, आणि ती लढाई रटाळ असेल तर कितीही गहन कथानक त्याला वाचवू शकत नाही. लढाई रंगतदार होते ती शत्रूच्या वागण्यामुळे. नोव्हेंबर २००१ मध्ये एक्सबॉक्स या कन्सोलबरोबर आलेला, बंजी या कंपनीचा 'हेलो' हे याचे अजूनही उत्तम उदाहरण आहे. त्यातल्या परग्रही फौजेत उतरंड आहे. उंच, चपळ, ढालीने झाकलेले 'एलीट' हे म्होरके, आणि त्यांच्या हाताखाली बुटके 'ग्रंट'. म्होरक्या पडला की ग्रंट किंचाळत, दाही दिशांना पळत सुटतात. हे पहिल्यांदा पाहिले की हसू येते, आणि दुसऱ्या वेळी माणूस हिशेब करू लागतो: आधी म्होरक्या टिपावा, की बुटक्यांना पातळ करून मग त्याच्यामागे लागावे? जवळ दोनच बंदुका बाळगता येतात, म्हणून प्रत्येक चकमकीनंतर जमिनीवर पडलेल्यांतली कोणती उचलायची हाही निर्णय असतो. अंगावरची ढाल थोडा वेळ आडोशाला राहिले की भरून येते, त्यामुळे लढाईला पुढे घुसणे आणि मागे सरणे असा श्वास मिळतो.

यात गोष्ट कुठे आली? ती उतरंडीतच आली. ही फौज कशी बांधलेली आहे, तिच्यात हुकूम कोणाचा चालतो आणि भीती कोणाला वाटते, हे आपण लढून शिकलो. आणि मग खेळाच्या मध्यावर तोच धडा उलटवला जातो. एका दलदलीतल्या तळावर आपण हरवलेल्या सैनिकांना शोधायला उतरतो, तर परग्रही फौजच कशाला तरी घाबरून पळताना दिसते. आत प्रेते आहेत, दारे आतून अडवलेली आहेत, आणि एका मेलेल्या सैनिकाच्या शिरस्त्राणात शेवटच्या क्षणांचे चित्रण आहे. मग 'फ्लड' नावाचा नवा शत्रू फुटून बाहेर येतो. तो आडोसा घेत नाही, म्होरका ओळखत नाही, पळत नाही. नुसता येतच राहतो. इतक्या तासांत बोटांना लागलेली सगळी सवय एका क्षणात निरुपयोगी ठरते, आणि भीती वाटते ती त्यामुळे. राक्षसाचा चेहरा भेसूर असणे ही दुय्यम गोष्ट आहे. याच खेळात पुढे 'लायब्ररी' नावाची लेव्हल आहे, तिच्यात एकसारख्या दिसणाऱ्या दालनांतून याच शत्रूशी इतका वेळ झुंजावे लागते की जीव विटतो. थोर खेळातही असे ओसाड पट्टे असतात.

विज्ञानकथेचे देणे

विज्ञानकथेचा जुना शिरस्ता असा की एखादीच अशक्य गोष्ट मान्य करून घ्यावी आणि तिचे परिणाम मात्र काटेकोरपणे भोगावेत. खेळांत हा शिरस्ता विशेष फळतो, कारण ती अशक्य गोष्ट थेट खेळणाऱ्याच्या हातात देता येते. युक्रेनमधल्या कंपनीने २०१० साली आणलेल्या 'मेट्रो २०३३' मध्ये अणुयुद्धानंतर वाचलेली माणसे मॉस्कोच्या भुयारी रेल्वेत राहतात, आणि तिथे चलन म्हणून युद्धापूर्वीच्या चांगल्या प्रतीच्या बंदुकीच्या गोळ्या चालतात. त्याच गोळ्या शत्रूवर झाडल्या तर त्या अधिक परिणाम करतात. म्हणजे प्रत्येक बार काढताना खिसा हलका होतो. त्या जगाच्या दारिद्र्यावर कोणी भाषण करत नाही, ते चापावरच्या बोटाला जाणवते. २००८ च्या 'डेड स्पेस'मध्ये नायक अवकाशयानावरचा इंजिनिअर आहे आणि त्याची हत्यारे बहुतांशी खाणकामाची अवजारे आहेत. त्याची उरलेली प्राणशक्ती पडद्याच्या कोपऱ्यात न दाखवता त्याच्या पोशाखाच्या पाठकण्यावरच्या दिव्यांत दाखवली आहे, त्यामुळे त्या जगाबाहेरचे काहीच नजरेत येत नाही.

'टायटनफॉल २' (२०१६) मधली एक लेव्हल मात्र या बाबतीत माझ्या पाहण्यातली सर्वांत चोख आहे. एका मोडक्यातोडक्या प्रयोगशाळेत नायकाच्या मनगटावर एक उपकरण येते, आणि एक बटण दाबले की आपण त्याच जागी पण अपघातापूर्वीच्या काळात पोचतो, पुन्हा दाबले की परत. वर्तमानात भगदाड पडलेला मजला भूतकाळात शाबूत आहे. भूतकाळात पहारेकऱ्यांनी भरलेली मार्गिका वर्तमानात ओस पडलेली आहे. उडी मारायची, हवेतच काळ बदलायचा, आणि जी भिंत आत्ता नव्हती तिच्यावर पाय टेकवून पुढे जायचे. काळाचा प्रवास म्हणजे काय हे समजावणारे संवाद या लेव्हलमधून सगळे गाळले तरी काही अडत नाही.

त्याच खेळात नायक जॅक कूपर आणि बीटी-७२७४ नावाचे अवाढव्य चालते यंत्र यांची मैत्री आहे. मध्ये एका ठिकाणी दरी आडवी येते, आणि बीटी कूपरला उचलून, विश्वास ठेव म्हणत, पलीकडे फेकतो. तेव्हा ती गंमत वाटते. शेवटी तोच यंत्रमानव पुन्हा एकदा त्याला फेकतो, या वेळी स्वतः मागे राहून त्याला वाचवण्यासाठी. आधीची फेक ज्याने अनुभवली आहे त्याला दुसरीचा अर्थ सांगावा लागत नाही.

निवड, आणि निवडीचा भास

आता अशा खेळाकडे येऊ जो माझ्या कसोटीवर निम्मा उतरतो आणि निम्मा घसरतो, तरी ज्याच्यावाचून हा विषय पुरा होत नाही. ऑगस्ट २००७ मध्ये आलेला 'बायोशॉक' केन लेव्हिन यांच्या चमूने केला. १९६० साल आहे, अटलांटिकच्या तळाशी 'रॅप्चर' नावाचे शहर आहे, आणि ते अँड्र्यू रायन नावाच्या उद्योगपतीने अशा तत्त्वावर वसवले आहे की कोणावर सरकारचा, धर्माचा, दुसऱ्याच्या गरजेचा कसलाच अंकुश नसावा. आपण पोचतो तेव्हा ते शहर कोसळलेले आहे. ते कसे कोसळले ही हकीगत जागोजागी पडलेल्या ध्वनिमुद्रणांत साठवलेली आहे, आणि इथेच आपल्याकडच्या खेळाडूची पंचाईत होते, कारण ती सगळी इंग्रजीत ऐकायची. ज्याला ती समजत नाहीत त्याला भिंतीतून झिरपणारे पाणी, फुटलेले पुतळे आणि दारूच्या मैफलीतले मुखवटे दिसतात, पण तत्त्वाचा वाद हातून निसटतो.

त्यात एक नैतिक पेच ठेवला आहे. 'लिटल सिस्टर' म्हणवल्या जाणाऱ्या लहान मुलींच्या अंगात 'ॲडम' नावाचे द्रव्य असते, ज्याने आपल्या शक्ती वाढवता येतात. मुलीचा जीव घेऊन ते काढले तर १६० मिळते, तिला वाचवले तर ८०. पेच बिनतोड वाटतो, पण बेरीज करून पाहा. तीन मुली वाचवल्या की भेट म्हणून आणखी २०० मिळते, म्हणजे वाचवणाऱ्याचे ४४० होतात आणि मारणाऱ्याचे ४८०. तिघींच्या जिवामागे चाळिसाचा फरक! मोहाला किंमत नसेल तर त्याला नकार देण्यालाही ती राहत नाही. स्वतः खेळ रचणारे क्लिंट हॉकिंग यांनी त्याच वर्षी या खेळावर लिहिताना दाखवून दिले की खेळाचे नियम एक सांगतात आणि कथा दुसरेच सांगते, आणि या विसंगतीला त्यांनी दिलेले नाव पुढे या क्षेत्रात रूढ झाले.

आणि तरीही 'बायोशॉक'मधला मधला धक्का या सगळ्या माध्यमाचा एक कळस आहे. रेडिओवरून बोलणारा एक मित्र आपल्याला सारखे सांगत असतो की कृपा करून इकडे जा, कृपा करून ते उचल, आणि आपण जातो, उचलतो, कारण खेळात सांगितले ते करायचेच असते. रायनसमोर उभे राहिल्यावर उलगडते की ते आर्जवाचे शब्द म्हणजे नायकाच्या मनात पेरलेली कळ होती आणि ते कानावर पडले की त्याला नकार देताच येत नव्हता. त्या क्षणी खेळ आपल्या हातातून कळा काढून घेतो, आणि आपल्याच हाताने जे घडते ते आपण थांबवू शकत नाही. इथे कटसीन आहे, पण हात बांधलेले असणे हाच प्रसंगाचा विषय असल्यामुळे तो चोख बसला आहे. दुर्दैव असे की यानंतर दुसऱ्या एका आवाजाचे ऐकत आपण पूर्वीसारखेच चालत राहतो, आणि खेळाचा उरलेला भाग त्या उंचीवर परत चढत नाही.

लोणारच्या काठावर

हे सगळे रचनेच्या अंगाने समजून घ्यायचे तर आपल्याच भागातला खेळ मनात रचून पाहावा. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर उल्कापाताने काळ्या बेसॉल्टच्या खडकात झालेले आहे, त्याच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे, पाणी खारट आहे, आणि जून २०२० मध्ये ते मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झाले होते. एवढे खरे. आता एकच खोटे मानू: तळाशी असे काही जागे झाले आहे जे आवाजाकडे खेचले जाते. तेवढ्यावर थांबायचे आणि परिणाम शोधायचे.

खेळणारा शेजारच्या गावात शिरतो तेव्हा त्याला कोणी काही सांगू नये. बैलाच्या गळ्यातल्या घुंगरमाळेत कापूस कोंबलेला दिसावा, देवळाच्या घंटेला गोणपाट गुंडाळलेले असावे, शाळेची घंटा काढून ठेवलेली असावी. हातात बंदूक द्यावी, आणि ती झाडली की सगळ्यांत मोठा आवाज तिचाच व्हावा, म्हणजे शूटरची मूळ क्रियाच महाग होते. मग शेतीची लाईन. ती रात्री येते, आणि शेताशेतांतल्या मोटारींना 'ऑटो' लावलेले असते, वीज आली की मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून. लाईन यायच्या आत शिवारभर फिरून प्रत्येक पेटीचे ते बटण बंद करायचे, ही झाली एक लेव्हल. आपल्याकडच्या माणसाला तिचे गांभीर्य समजावून सांगावे लागणार नाही, आणि बाहेरच्याला पहिली मोटार धडधडत सुरू झाली की समजेल. राहिलेली एखादी पेटी वेळेत गाठता येत नसेल, तर दुरून तिच्यावर गोळी झाडावी का? त्या गोळीचाही आवाज होणारच. या प्रश्नाचे उत्तर खेळणाऱ्याने द्यायचे.

ज्याला हे खेळ प्रत्यक्ष खेळायचे आहेत त्याने जुन्यापासून सुरुवात करावी, आणि त्याला कारण निव्वळ व्यवहाराचे आहे. 'टायटनफॉल २' साठी सुमारे ४५ जीबी जागा लागते, रोजच्या दोन जीबीच्या पॅकवर तेवढे उतरवायचे तर तीन आठवड्यांहून अधिक काळ जातो, आणि वर बरे ग्राफिक्स कार्डही हवे. पहिला 'हाफ-लाइफ' १३३ मेगाहर्ट्‌झच्या पेंटियमवर आणि २४ एमबी रॅमवर चालायचा, त्यामुळे ग्रामपंचायतीच्या अडगळीतला कॉम्प्युटरही त्याला पुरून उरेल, आणि त्यात हवे तिथे सेव्ह करता येत असल्याने लाईन गेली तरी फार नुकसान होत नाही. यांतले बहुतेक खेळ रक्तपाताचे आहेत, लहान पोरांच्या हाती देऊ नयेत. 'हाफ-लाइफ २' ला वीस वर्षे झाली तेव्हा, नोव्हेंबर २०२४ मध्ये, कंपनीने त्यात निर्मात्यांचे विवेचन घातले. ते चालू करून पुन्हा त्या स्टेशनातून फिरले की कोणती गोष्ट तिथे का ठेवली आहे हे ती ठेवणारेच सांगतात. ते आहे इंग्रजीत, पण तिथे समोरून गोळ्या येत नसल्यामुळे थांबून, पुन्हा लावून ऐकता येते.